वाचकांचे प्रश्न : ट्रॅक किती रुंद ठेवायचा?

मागच्या अंकात छोट्या वर्कशॉपमध्ये स्वतःचा पीसीबी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटचा छापील बोर्ड, डिझाइन करण्याबद्दल लिहिलं होतं. त्यानंतर जी पत्रं आणि मेल आले त्यातले बहुतेक एकाच गोष्टीवर होते, एवढ्या अँपिअरला ट्रॅक, म्हणजे बोर्डावरची करंट नेणारी तांब्याची पट्टी, किती रुंद पाहिजे. कोणाचा बोर्ड जळलाय, कोणाचं कॅल्क्युलेटर विचित्र उत्तर देतंय, कोणाला सोल्डर चढवून भागवायचंय. म्हणून या वेळचं सगळं सदर यालाच दिलंय.

प्रश्न : नमस्कार सर, मी सोलर स्ट्रीट लाइटचे चार्ज कंट्रोलर बनवतो, १२ व्होल्ट १० अँपिअर. साधा १.६ मिमी एफआर-४ (काचेचे तंतू आणि रेझिनचा) बोर्ड, एक औंस कॉपर, मेन ट्रॅक ३ मिमी रुंद. टेबलवर दिवसभर चालवला तेव्हा काहीच झालं नाही, पण मे महिन्यात खांबावरून काही बोर्ड परत आले, ट्रॅकच्या आजूबाजूला बोर्ड तपकिरी पडलाय आणि शेजारचे कपॅसिटर फुगलेत. १० अँपिअरला ३ मिमी कमी पडतो का? आणि कमी पडतो तर मग टेबलवर कसा चालला?
— एक वाचक, अकोला

उत्तर : टेबल आणि अकोल्याचा मे महिना, यातच तुमचं उत्तर आहे. ट्रॅकच्या रुंदीचे जे तक्ते आणि कॅल्क्युलेटर आपण वापरतो ते "एवढे अँपिअर सेफ" असं कधीच सांगत नाहीत, ते फक्त सांगतात की एवढ्या करंटला ट्रॅक आजूबाजूच्या तापमानापेक्षा एवढे डिग्री वर जाईल. आजूबाजूचं तापमान किती आणि वर गेलेलं चालणार का, हे आपण ठरवायचं असतं आणि नेमकं तेच कोणी ठरवत नाही.

तुमचेच आकडे घेऊ. आयपीसी ही इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाची मानकं काढणारी संस्था, तिच्या आयपीसी-२२२१ या मानकातलं जुनं सूत्र असं : करंट बरोबर ०.०४८ गुणिले तापमानवाढीचा ०.४४ घात, गुणिले ट्रॅकच्या छेदाच्या क्षेत्रफळाचा ०.७२५ घात. क्षेत्रफळ चौरस मिलमध्ये, एक मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग. एक औंस कॉपर म्हणजे एक चौरस फुटावर एक औंस तांबं पसरल्यावर जी जाडी येते ती, ३५ मायक्रॉन. यात ३ मिमी आणि १० अँपिअर टाकले की तापमानवाढ येते साधारण ४२ डिग्री. टेबलवर ३० डिग्री असेल तर ट्रॅक ७२ ला, बोट ठेवलं तर चटका बसेल पण बोर्डाला काही होत नाही. आता तोच बोर्ड बंद डब्यात, डबा खांबावर उन्हात, बाहेर ४५ डिग्री, डब्यात आरामात ६५. त्यात ४२ मिळवा, १०७. आणि हे एकट्या ट्रॅकचं गणित झालं, तुमच्या बोर्डावर जाणारा ट्रॅक आणि येणारा ट्रॅक शेजारी शेजारी असणार, बाजूला मॉस्फेट आणि डायोड पण तापत असणार, म्हणजे खरा आकडा याच्याही वर.

साध्या एफआर-४ चं रेझिन १३०-१४० डिग्रीच्या आसपास मऊ पडायला लागतं, त्यामुळे १०७ ला बोर्ड एकदम जळत नाही, पण महिनोन्‌महिने शंभरच्या वर ठेवला की हळूहळू तपकिरी होत जातो आणि तांब्याची पकड सैल होते. कपॅसिटरचं तर विचारूच नका, इलेक्ट्रोलिटिकला दर १० डिग्री वाढीला आयुष्य निम्मं होतं असं धरून चालतात आणि ८५ डिग्रीवाला कपॅसिटर तुम्ही १०० डिग्रीच्या ट्रॅकला चिकटवून बसवलात तर तो फुगणारच.

अजून एक गोष्ट, तांबं तापलं की त्याचा रेझिस्टन्स वाढतो, दर डिग्रीला साधारण ०.३९ टक्के. २५ डिग्रीला ८ सेंटिमीटर लांब ३ मिमी ट्रॅकचा रेझिस्टन्स १३ मिलिओहम असेल तर १०७ ला तो १७ होतो, म्हणजे १० अँपिअरला १.३ वॉट ऐवजी १.७ वॉट. ट्रॅक तापला म्हणून जास्त तापतो.

मग करायचं काय, तर उलटीकडून सुरुवात करा. डब्यात ६५ डिग्री धरा, ट्रॅक ८५ च्या वर नको असं ठरवा, म्हणजे वाढ फक्त २० ची. एक औंसला १० अँपिअर आणि २० डिग्रीसाठी ४.७ मिमी लागतो. पण शेजारची उष्णता आहे म्हणून मी तुमच्या जागी १० डिग्रीचाच आकडा धरेन, तो ७.२ मिमी. जागा नसेल तर दोन औंस कॉपर मागवा, रुंदी निम्मी होते, ३.६ मिमी. बोर्ड थोडा महाग पडतो आणि दोन ट्रॅकमधलं कमीत कमी अंतर वाढवावं लागतं, पण खांबावर चढून बोर्ड बदलण्यापेक्षा स्वस्तच. आणि पॉवरचा ट्रॅक रेघेसारखा काढूच नका, मोकळी जागा असेल तिथे सरळ कॉपर भरून टाका, तांबं एचिंगमध्ये (नको असलेलं तांबं विरघळवून काढण्यात) घालवून काही वेगळे पैसे वाचत नाहीत.

सगळ्यांसाठी आकडे देऊन ठेवतो, बाहेरचा लेयर (बोर्डाच्या पृष्ठभागावरचा तांब्याचा थर), एक औंस, १० डिग्री वाढ : १ अँपिअरला ०.३ मिमी, २ ला ०.८, ३ ला १.४, ५ ला २.८ आणि १० ला ७.२. बघा, करंट दुप्पट झाला की रुंदी दुप्पट करून भागत नाही, २.६ पट लागते. आणि उलट बाजूने, रुंदी दुप्पट केली तर करंट फक्त १.६५ पट नेता येतो. "१ मिमीला २ अँपिअर तर ५ मिमीला १०" हा हिशोब बऱ्याच वर्कशॉपमध्ये चालतो, तो लहान करंटला जेमतेम चालून जातो आणि मोठ्या करंटला फसवतो.

प्रश्न : सर मी इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कीकॅड या पीसीबी डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधल्या कॅल्क्युलेटरमध्ये ३ अँपिअर १० डिग्री टाकलं तर बाहेरच्या लेयरला १.३७ मिमी येतं आणि आतल्या लेयरला ३.५६ मिमी. आमचे सर म्हणाले आतल्या ट्रॅकला हवा लागत नाही म्हणून. पण मग सॅटर्नच्या टूलमध्ये (हे दुसरं कॅल्क्युलेटर) आयपीसी-२१५२ हे नवं मानक निवडलं तर एवढा फरक येत नाही, खरं कोणाचं?
— विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : प्रश्न फार चांगला विचारलात, कारण नोकरीत दहा वर्षं काढलेले लोकसुद्धा हा आकडा आला की डोळे मिटून घेतात.

आयपीसी-२२२१ मधले आलेख मुळात १९५० च्या दशकात अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये केलेल्या प्रयोगांवरून आलेत. त्या काळी मल्टिलेयर बोर्ड आजच्यासारखे नव्हते, प्रयोग बाहेरच्या ट्रॅकवर झाले. आतल्या ट्रॅकसाठी मोजमाप न करता "आत आहे म्हणजे निम्मा करंट धरा" असं सावधगिरीने ठरवलं. म्हणूनच सूत्रात बाहेरला ०.०४८ आणि आतला बरोब्बर निम्मा ०.०२४ आहे. निम्मा करंट धरला की क्षेत्रफळ २.६ पट लागतं, तुमचे १.३७ आणि ३.५६ तिथूनच आले.

पुढे लोकांनी खरोखर मोजलं आणि २००९ मध्ये आयपीसी-२१५२ आलं. त्यात दिसलं की आतला ट्रॅक बाहेरच्यापेक्षा जास्त तापत नाही, बरेचदा थोडा कमीच तापतो. कारण स्थिर हवा उष्णता वाहून न्यायला फार वाईट, तिची उष्णतावाहकता साधारण ०.०२६ आणि एफआर-४ ची ०.३ च्या आसपास, म्हणजे दहापट. आतल्या ट्रॅकला दोन्ही बाजूंनी एफआर-४ लागलेलं असतं, ते उष्णता पसरवून मोठ्या पृष्ठभागावर नेतं आणि तिथून ती हवेत जाते. हवा लागत नाही हे बरोबर, पण त्याची त्याला फारशी गरजही नसते.

२१५२ मधली माझ्या मते सर्वात कामाची गोष्ट म्हणजे ट्रॅक एकटा धरत नाहीत. बोर्ड किती जाड, जवळ कॉपर प्लेन, म्हणजे तांब्याचा सलग पसरलेला थर, आहे का, असला तर किती अंतरावर आणि केवढा, हे सगळं उत्तरात येतं. खाली सलग ग्राउंड प्लेन असला तर तीच रुंदी कितीतरी कमी तापते आणि उलट, पातळ बोर्डावर आजूबाजूला काहीच कॉपर नसताना एकटाच ट्रॅक असेल तर २२२१ चा बाहेरचा आकडा जरा उदारच पडतो, म्हणजे जुना आकडा नेहमी सेफ असतो असंही समजू नका. प्रोजेक्टसाठी दोन्ही काढून बघा आणि फरक कशामुळे आला ते दोन ओळीत लिहा, परीक्षकांना आवडेल की नाही माहीत नाही पण तुम्हाला विषय कळेल. आणि २२२१ चं सूत्र बाहेर ३५ अँपिअर, आत १७.५ अँपिअर आणि १० मिमी रुंदीपर्यंतच वापरायचं, त्याच्या पुढचं उत्तर कॅल्क्युलेटर देतं पण त्यामागे मोजमाप नाही.

प्रश्न : मी बसमध्ये लावायचा डिस्प्ले बनवतोय, आत रास्पबेरी पाय ४ हा छोटा कॉम्प्युटर आहे. ५.१ व्होल्टचा सप्लाय एका टोकाला आणि पाय दुसऱ्या टोकाला, मध्ये ४० सेंटिमीटर लांब बोर्डावरून दोन ट्रॅक, प्रत्येकी २ मिमी, एक औंस. ३ अँपिअरला कॅल्क्युलेटर म्हणतं ट्रॅक फक्त ५ डिग्री तापेल, हाताला पण थंड लागतो. तरी स्क्रीनवर सारखं विजेचं चिन्ह येतं. सप्लाय बदलून पाहिला, तेच.
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : सप्लाय बिचारा ठीक आहे. तुम्ही तापमान बघितलंत, व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे ट्रॅकमध्ये वाटेतच खर्च होणारं व्होल्टेज, बघितला नाहीत आणि लांब ट्रॅकवर कमी व्होल्टेजला आधी ड्रॉपच मारतो.

याचा हिशोब कॅल्क्युलेटरशिवाय होतो. एक औंस कॉपरचा कुठलाही चौकोन, १ मिमी बाय १ मिमी असो की १ सेंटिमीटर बाय १ सेंटिमीटर, त्याचा रेझिस्टन्स एका कडेपासून समोरच्या कडेपर्यंत सारखाच, साधारण अर्धा मिलिओहम, नेमका ०.४९. मग ट्रॅकमध्ये किती चौकोन बसतात ते मोजायचं, लांबी भागिले रुंदी. तुमचे ४०० भागिले २ म्हणजे २०० चौकोन, ९८ मिलिओहम. ३ अँपिअरला ०.२९ व्होल्ट, आणि परतीच्या ट्रॅकवर तेवढाच, एकूण ०.५९. पायच्या पिनवर उरले ४.५१ व्होल्ट. रास्पबेरी पाय साधारण ४.६३ च्या खाली गेलं की ते चिन्ह दाखवतो. परतीचा ट्रॅक विसरणं ही या प्रकारात सगळ्यात कॉमन चूक, लोक प्लसचा ड्रॉप काढतात आणि ग्राउंड फुकट आहे असं धरतात.

दोन्ही ट्रॅक १० मिमी केलेत तर ४० चौकोन, दोन्ही मिळून ०.१२ व्होल्ट, काम होईल. पण खरं सांगायचं तर ४० सेंटिमीटरला बोर्डावरून पॉवर नेऊच नका, १ चौरस मिमीची दोन रंगांची वायर टाका. १ चौरस मिमी तांबं म्हणजे एक औंसचा साडेअठ्ठावीस मिमी रुंद ट्रॅक, एवढी जागा तुमच्या बोर्डावर नसणार.

प्रश्न : इन्व्हर्टर आणि स्टॅबिलायझर रिपेअरचं दुकान आहे. बाजारातल्या बोर्डांवर जाड ट्रॅकवर मास्क (बोर्डावरचा हिरवा संरक्षक थर) काढून सोल्डर चढवलेलं असतं. मी पण जळलेल्या ट्रॅकवर भरपूर सोल्डर ओढतो. याने नक्की किती करंट वाढतो? गिऱ्हाइकाला गॅरंटी देऊ का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : सोल्डरचा रेझिस्टन्स तांब्याच्या साधारण साडेआठ पट असतो. म्हणजे ३५ मायक्रॉन तांब्याएवढं काम करायला सोल्डरचा थर ३०० मायक्रॉन, ०.३ मिमी पाहिजे, तेव्हा कुठे ट्रॅकचा रेझिस्टन्स निम्मा होतो. फॅक्टरीतून येताना नुसती टिनची चकाकी असते त्याने काही होत नाही, ती गंज न लागण्यासाठी. हाताने जाड ओढलंत तर फायदा आहे, पण तो सगळीकडे सारखा नसतो, कुठे ढिगारा, कुठे पातळ, आणि ट्रॅक पातळ ठिकाणीच तापणार.

त्यापेक्षा ट्रॅकवर तांब्याची उघडी तार ठेवा आणि पूर्ण लांबीभर सोल्डरने बसवा. १.५ चौरस मिमीच्या हाउस वायरचं इन्सुलेशन सोला, आतलं तांबं म्हणजे एक औंसचा ४३ मिमी रुंद ट्रॅक. त्यासमोर सोल्डर किस झाड की पत्ती. तार पॅडपासून पॅडपर्यंत न्या, मध्येच संपवू नका, कारण मग सगळा ताप त्या उरलेल्या तुकड्यात.

पण गॅरंटी देण्याआधी एक बघा, ट्रॅक का जळला. इन्व्हर्टरमध्ये बरेचदा ट्रॅक बिचारा पुरेसा असतो, ढिला झालेला स्क्रू टर्मिनल किंवा तडा गेलेला सोल्डर जॉइंट तापतो आणि त्याची उष्णता ट्रॅकमध्ये शिरते. काळेपणा कुठे सगळ्यात जास्त आहे ते बघा. टर्मिनलपाशी जास्त असेल तर टर्मिनल बदला, नाहीतर तुमची सुंदर तार बसवूनही बोर्ड दोन महिन्यांत परत येईल. आणि जिथे बोर्ड कोळसा झालाय तो भाग खरवडून काढा, जळलेलं एफआर-४ करंट वाहतं, २३० व्होल्ट असेल तर तिथून पुन्हा ठिणगी पडते.

प्रश्न : चार लेयरच्या बोर्डावर ६ अँपिअर वरून आतल्या पॉवर लेयरमध्ये न्यायचेत. वाया (via, म्हणजे एका लेयरमधून दुसऱ्यात करंट नेणारं, आतून तांबं चढवलेलं होल) किती टाकू? सिनियर म्हणतात एका वायाला एक अँपिअर, दुसरे म्हणतात अर्धा. आणि पॅडला थर्मल रिलीफ (पॅड प्लेनला पूर्ण न जोडता बारीक पट्ट्यांनी, म्हणजे स्पोकनी, जोडणं) ठेवू का?
— लेआउट डिझायनर, भोसरी

उत्तर : ताई, वाया म्हणजे गुंडाळलेला ट्रॅकच. ०.३ मिमीचं होल, भिंतीवर २५ मायक्रॉन प्लेटिंग, तर तांब्याचा छेद ०.०२५ चौरस मिमी, म्हणजे एक औंसचा ०.७३ मिमी रुंद ट्रॅक. १.६ मिमी बोर्डात त्याचा रेझिस्टन्स जेमतेम १ मिलिओहम. प्लेटिंग २० मायक्रॉनच आलं तर ०.५७ मिमी ट्रॅकएवढा. ०.७३ मिमी ट्रॅक १० डिग्रीला जवळपास २ अँपिअर नेतो, म्हणून एका वायाला एक अँपिअर हा तुमच्या सिनियरचा हिशोब सेफ आहे, भरपूर शिल्लक ठेवून केलेला. त्यात वाया आखूड असतो आणि त्याची उष्णता दोन्ही टोकांच्या कॉपरमध्ये निघून जाते, त्यामुळे एकटा वाया जळालाय असं फार क्वचित होतं.

तरी ६ ऐवजी ८ टाका, कारण करंट सगळ्यांत सारखा वाटला जात नाही, वाटेत जो पहिला लागतो तो जास्त ओढतो. फक्त सगळे एका रांगेत चिकटून टाकू नका, बाकीच्या प्लेनमध्ये त्या होलांभोवतीची मोकळी वर्तुळं एकमेकांत मिसळून लांब फट पडते आणि तुमचाच ग्राउंड तिथे अरुंद होतो.

खरी काळजी वायाची नाहीच, आतल्या लेयरच्या जाडीची आहे. चार लेयरचे स्वस्त बोर्ड आत अर्ध्या औंसचे असतात, १७.५ मायक्रॉन, ऑर्डर करताना बघितलंत का? अर्ध्या औंसला ६ अँपिअर १० डिग्री, जुन्या सूत्राने आतल्या लेयरला साडेअठरा मिमी येतं. २१५२ ने बरंच कमी येईल, पण तरीही ट्रॅक काढू नका, प्लेन द्या. एक औंस आत मागितला तरी प्रोसेसमध्ये तांबं थोडं खाल्लं जातं, नियमात २५ मायक्रॉनच्या आसपास खाली आलेलं चालतं, म्हणून ३५ धरून काठावर डिझाइन करू नका.

थर्मल रिलीफचं, सिग्नलच्या पॅडला ठेवा, पॉवर कनेक्टरच्या पॅडला सरळ जोडा. सोल्डरिंगवाला ओरडेल की टिन पसरत नाही, मग तिथेही रिलीफ ठेवा पण स्पोक जाड करा, चार स्पोक प्रत्येकी १ मिमीचे, दोघंही खूश. आणि आयसीच्या पिनपाशी ट्रॅक २-३ मिमी लांबीत अरुंद करावा लागला तर घाबरू नका, एवढ्याशा तुकड्याची उष्णता दोन्ही बाजूंच्या रुंद कॉपरमध्ये पळते.

प्रश्न : २३० व्होल्टचा रिले बोर्ड बनवलाय, ट्रॅक १ मिमी, लोड फक्त १ अँपिअर. घरात १६ अँपिअरचा एमसीबी आहेच, मग बोर्डावर वेगळा फ्यूज कशाला?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : कारण एमसीबी तुमच्या भिंतीतल्या वायरला वाचवतो, बोर्डावरच्या ट्रॅकला नाही.

शॉर्ट झाला की सगळं इतक्या झटपट होतं की उष्णता बाहेर जायला वेळच मिळत नाही, म्हणून तिथे रुंदीचे तक्ते विसरा. तिथे करंटचा वर्ग गुणिले वेळ हा आकडा चालतो. १ मिमी रुंद एक औंसचा ट्रॅक वितळायला तो साधारण १०० लागतो. १६ अँपिअरचा सी टाइप एमसीबी शॉर्टला झटकन पडायला ८० ते १६० अँपिअर लागतात. समजा शॉर्टमध्ये २०० अँपिअर आले आणि एमसीबीने १० मिलिसेकंदात तोडलं, २०० चा वर्ग गुणिले ०.०१ म्हणजे ४००. ट्रॅकच्या चौपट. एमसीबी पडायच्या आत ट्रॅक स्फोटासारखा उडालेला असतो, तांब्याची वाफ आजूबाजूला बसते आणि ती वाफ पुन्हा शॉर्ट करते.

म्हणून बोर्डात शिरल्या शिरल्या फ्यूज, ट्रॅकच्या आधी. फ्यूजच्या डेटाशीटमध्ये हाच वर्ग-गुणिले-वेळ आकडा दिलेला असतो, तो ट्रॅकच्या आकड्यापेक्षा बराच कमी पाहिजे. आणि मेन्सला काचेचा साधा फ्यूज नको, सिरॅमिकचा घ्या. ५ बाय २० मिमीचा साधा काचेचा फ्यूज ३५ अँपिअर किंवा त्याच्या रेटिंगच्या दहापट, यातलं जे जास्त तेवढाच शॉर्ट करंट तोडू शकतो, सिरॅमिकचा हाय ब्रेकिंगवाला १५०० अँपिअर. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबापाशी दोन्ही मिळतात, किमतीत फरक किरकोळ आहे. आणि रुंदीच्या नादात अंतर विसरू नका, २३० ची बाजू आणि ज्याला माणूस हात लावणार ती ५ व्होल्टची बाजू यात ६ ते ८ मिमी मोकळं ठेवा, रिलेखाली जागा कमी पडत असेल तर बोर्डात खाच कापून घ्या.

प्रश्न : मोटर पीडब्ल्यूएमने (करंट झटपट चालू-बंद करून) चालवतो, पीक १० अँपिअर, ड्युटी, म्हणजे चालू असण्याचा वेळ, २५ टक्के. सरासरी अडीच अँपिअर, तर ट्रॅक अडीचचाच ना?
— एक वाचक, जळगाव

उत्तर : नाही, पाचचा. ताप करंटच्या वर्गावर अवलंबून असतो म्हणून आरएमएस, म्हणजे तेवढाच ताप देणारा सलग करंट, धरायचा : १० गुणिले ०.२५ चं वर्गमूळ, ५ अँपिअर. १० डिग्रीला २.८ मिमी. आणि मोटर अडकली तर तुमचा कंट्रोलर किती करंट किती वेळ जाऊ देतो ते पण बघा, रुंदी त्यावर ठरू शकते. फ्रीक्वेन्सीने करंट पृष्ठभागावर ढकलला जातो म्हणून ट्रॅक वाढवायचा का असं पण विचारलंय, तर पीडब्ल्यूएमला नको, १०० किलोहर्ट्झला करंट पृष्ठभागापासून जेवढा आत वाहतो ती खोली ०.२ मिमी असते आणि आपलं कॉपर ०.०३५.

प्रश्न : आमच्याकडे थर्मल कॅमेरा नाही आणि परवडणारही नाही. बोर्ड खरंच किती तापतोय हे कसं कळणार? इन्फ्रारेड गन आहे पण ती काहीही दाखवते.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : कॅमेरा लागत नाही, ट्रॅकच थर्मामीटर आहे. वर सांगितलं तसं तांब्याचा रेझिस्टन्स दर डिग्रीला ०.३९ टक्के वाढतो, तो वाढलेला मोजा आणि तापमान काढा, बास.

असं करा. ज्या ट्रॅकचं बघायचंय त्याच्यावर दोन ठिकाणी मास्क खरवडून दोन बारीक वायर सोल्डर करा, करंटच्या क्लिपपासून थोड्या आत, ट्रॅकवरच. क्लिपवर मोजलंत तर क्लिपचा रेझिस्टन्स पण मोजला जातो आणि सगळं फुकट. पहिला मल्टिमीटर मिलिव्होल्टवर या दोन वायरना, दुसरा करंट मोजायला सिरीजमध्ये. आधी बोर्ड थंड असताना थोडासाच करंट सोडा, समजा अर्धा अँपिअर. १० सेंटिमीटर लांब १ मिमी ट्रॅकवर २४.५ मिलिव्होल्ट दिसतील, म्हणजे ४९ मिलिओहम. खोलीचं तापमान लिहून ठेवा. आता पूर्ण करंट, समजा ३ अँपिअर, डबा बंद करून अर्धा तास तरी चालू द्या, आकडा हलायचा थांबेपर्यंत. १५९ मिलिव्होल्ट आले तर ५३ मिलिओहम. ५३ भागिले ४९ म्हणजे १.०८२, त्यातला एक वजा, भागिले ०.००३९, आली खोलीच्या तापमानापेक्षा २१ डिग्री वाढ. आयपीसीचं जुनं सूत्र याच ट्रॅकला साधारण १७ सांगतं, एवढा फरक पडणारच, तुमचा डबा बंद आहे आणि ट्रॅक एचिंगमध्ये थोडा बारीक झालेला असतो.

घरी फेरिक क्लोराइडमध्ये बोर्ड करत असाल तर हे नक्कीच करून बघा, कारण जास्त वेळ ठेवलेल्या बोर्डाच्या ट्रॅकच्या कडा खाल्ल्या जातात आणि अधूनमधून टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडतात, डोळ्याला ट्रॅक २ मिमी दिसतो, तांबं तेवढं नसतं. थंड असतानाचाच रेझिस्टन्स चौकोनांच्या हिशोबापेक्षा बराच जास्त आला तर तिथेच कळतं. फक्त लक्षात घ्या, ही पद्धत दोन वायरमधल्या पूर्ण तुकड्याची सरासरी देते, एखादाच अरुंद गळा जास्त तापत असेल तर तो त्यात लपतो, म्हणून संशय असेल तिथे वायर जवळ जवळ लावून पुन्हा मोजा.

तुमची गन "काहीही" दाखवते त्याची दोन कारणं. एक, चकचकीत तांबं किंवा टिन स्वतःची उष्णता फार कमी बाहेर टाकतं, गनला ते आहे त्यापेक्षा थंड वाटतं, हिरवा मास्क असलेल्या भागावर ती बरीच बरोबर दाखवते. उघड्या टिनवर मोजायचं असेल तर त्यावर कॅप्टॉन टेपचा (उष्णता सोसणारी पिवळसर टेप) किंवा काळ्या इन्सुलेशन टेपचा छोटा तुकडा नीट दाबून चिकटवा आणि त्यावर मोजा, पण बोर्डावर मेन्स असेल तर सप्लाय काढूनच चिकटवायचा. दुसरं, १२ ला १ लिहिलेली गन ३० सेंटिमीटरवरून अडीच सेंटिमीटरच्या गोलाची सरासरी देते, लाल ठिपका कितीही बारीक दिसला तरी. तुमचा ट्रॅक २ मिमी, बाकी सगळा बोर्ड. गन जेवढी जवळ नेता येईल तेवढी न्या, आणि आकडा मोठ्या कॉपरचा, हीटसिंकचा किंवा डब्यातल्या हवेच्या अंदाजासाठी वापरा, बारीक ट्रॅकसाठी मिलिव्होल्टची पद्धतच बरी.